समूहस्वराचे सामर्थ्य

लातूर जिल्ह्यातील औसा या तालुक्याच्या गावी, नाथ संस्थानात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चक्रीभजनात, वाद्यांच्या ठेक्यावर अनेक कंठ एकाच नामघोषात मिसळू लागले, म्हणजे केवळ ऐकावयास आलेल्या मनुष्याच्याही अंगावर रोमांच उभे राहतात. आणि १८२४ साली व्हिएन्ना येथे प्रथम सादर झालेल्या बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीत, तीन दीर्घ भाग निव्वळ वाद्यांनी व्यापल्यानंतर चौथ्या भागात मानवी समूहस्वर उठतो, तेव्हा दूरदेशीच्या श्रोत्यासही हाच प्रत्यय येतो.

या प्रत्ययाची कारणमीमांसा शास्त्राने आरंभिली आहे. माँट्रियल येथील संशोधकांनी २०११ साली दाखविले की, प्रिय संगीताच्या उत्कट क्षणी मेंदूत डोपामीन हे द्रव्य स्रवतेच, परंतु त्या क्षणाच्या प्रतीक्षेतही मेंदूच्या निराळ्या भागात ते स्रवत असते. लय क्रमाक्रमाने चढविण्याचे मर्म यातच असावे. स्वीडनमधील २०१३ सालच्या प्रयोगात असे आढळले की, एकत्र गाणाऱ्यांचा श्वास गीताच्या चरणांबरोबर चालतो आणि त्यायोगे त्यांच्या हृदयगतीचे चढउतारही परस्परांशी जुळतात.

माणसे जोडण्याचे इतके खात्रीचे साधन हाताशी असता, मराठवाड्यातील शाळाशाळांतून समूहगायनाचा तास निष्ठेने चालवावा, हेच इष्ट होय.