मागचं चाक उड्या मारतंय? लगेच पूर्ण किट विकू नका



आजचं उदाहरण अमेरिकेतल्या गाडीचं आहे. फोर्ड मस्टँग जीटी, २०१५ मध्ये आलेलं मॉडेल. ५.० लिटरचं व्ही-८ इंजिन, तिकडच्या गाडीला ४३५ हॉर्सपॉवर. २०१६ मध्ये ती भारतातही विकायला आली, त्यामुळे आपल्या पोरांना ती काही नवीन नाही. पार्ट्सच्या किंवा सर्व्हिसच्या धंद्यात उतरणार असाल तर या गाडीचा एक त्रास नीट समजून घ्या.

उभ्या गाडीवरून ॲक्सिलरेटर जोरात दाबला की मागची चाकं रस्त्यावर धाडधाड आपटायला लागतात. याला व्हील हॉप म्हणतात. होतं काय, तर टायर रस्ता पकडतो आणि इंजिनचा जोर त्याला पिळतो. टायरची बाजू आणि सस्पेन्शनमधले रबरी बुश स्प्रिंगसारखे दाबले जातात. मग पकड सुटते, दाबलेलं सगळं एकदम उसळतं, टायर पुन्हा चिकटतो, पुन्हा पिळतो. एका सेकंदात हे कित्येकदा होतं आणि प्रत्येक दणका हाफ शाफ्टवर, सीव्ही जॉइंटवर आणि डिफरन्शियलवर जातो. नुसता आवाज असता तर सोडून दिलं असतं. शाफ्ट तुटला की गाडी जागेवर आणि खर्च मोठा. म्हणून गिऱ्हाइकाला पहिली गोष्ट फुकट सांगायची: चाक उडायला लागलं की पाय लगेच उचला.

मग फोर्डच्या इंजिनिअरला हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं! २०१५ पासून मस्टँगला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं. ते सगळं एका सबफ्रेमवर बसतं आणि ती सबफ्रेम चार मोठ्या रबरी बुशवर. रबर मऊ असलं की गाडीत आवाज आणि थरथर कमी येते. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला तेच हवं असतं. कंपनीला गाडी सगळ्यांना विकायची असते, त्यामुळे स्टार्ट लाइनवर जोर काढणाऱ्या थोड्या लोकांची गरज अर्धवट राहते. छोट्या धंद्याची जागा तिथेच असते. बीएमआर, स्टीडा अशा कंपन्या तिथेच उभ्या आहेत.

आणि त्यातला सुरुवातीचा तुकडा किती साधा आहे बघा. क्रेडल लॉकआउट म्हणून मिळतो. बुशच्या मोकळ्या जागेत बसणारे धातूचे गोल तुकडे, बाकी काही नाही. बोल्ट सैल करायचे, सबफ्रेम थोडी खाली घ्यायची, तुकडे सरकवायचे, पुन्हा आवळायचं. सबफ्रेम पूर्ण काढावी लागत नाही, तिचं हलणं मात्र बरंच कमी होतं. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातला लेथवाला असं काम हातात घेऊन हसेल. पण पैसा लेथला मिळत नाही, कुठे काय हलतंय हे ओळखणाऱ्याला मिळतो.

आता विकायचं कसं? गिऱ्हाईक येतानाच म्हणतं, "दादा, पूर्ण किट टाका." थांबा. आधी टायर बघा. झिजलेत का, हवा किती आहे, दोन्ही बाजूंना सारखी आहे का. कुठला बुश फाटलाय का, शॉक ॲब्जॉर्बर गळतोय का. मूळ पार्टच गेला असेल तर अपग्रेड विकणं म्हणजे तापावर नवीन शर्ट घालणं. सगळं ठीक असेल तर लॉकआउट बसवा आणि गाडी परत द्या. तरी चाक उडतंय? मग डिफरन्शियलचे बुश, त्यानंतर व्हर्टिकल लिंक आणि टो लिंक. चांगले डॅम्परही उसळी आवरतात. सगळं एकदम टाकलं तर फरक कशाने पडला हे तुम्हालाही सांगता येणार नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला काय सांगणार मग?

२००५ ते २०१४ च्या मस्टँगला ही यादी लावू नका. तिला मागे सरळ अख्खा ॲक्सल आहे. तिथे सुरुवात लोअर कंट्रोल आर्मपासून होते, आणि गाडी खाली बसवली असेल तर आर्मचा कोन सुधारणारे ब्रॅकेटही लागतात. वर्ष विचारल्याशिवाय पार्टची किंमत सांगू नका.

एक गोष्ट मात्र पैसे घेण्याआधीच बोला. बुश जितका कडक, तितका आवाज आत. डिफरन्शियलला पॉलियुरेथेन किंवा ॲल्युमिनियम टाकलं की गिअरची कुईंकुईं केबिनमध्ये ऐकू येऊ शकते. ट्रॅकवर जाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. घरच्यांना घेऊन फिरणारा तिसऱ्या दिवशी दुकानात उभा राहतो, "साहेब, हा आवाज कसला?" म्हणून मी असलं वाक्य अंदाजपत्रकावरच लिहायला लावतो: "आवाज वाढेल, ग्राहकाला सांगितलं आहे." खाली सही. काही जण हे वाचून काम रद्द करतात. करू देत, ते काम तसंही महागात पडलं असतं.

आणि हो, सबफ्रेम खाली घेतली असेल तर बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कवरच आवळा आणि मागचं अलाइनमेंट तपासूनच गाडी सोडा. त्याचे पैसे पहिल्या बिलातच धरा.