खाटकाच्या सुरीचे जुने रूप

१८२५ ते १८४० या काळात अमेरिकेच्या रॉकी पर्वतात बीव्हरची कातडी मिळवणारे शिकारी उन्हाळ्यात एका ठरलेल्या नदीकाठी जमत. 'राँदेव्हू' नावाच्या या बाजारात ते कातडी देऊन बंदुकीची दारू, तंबाखू, ब्लँकेट आणि सुऱ्या घेत. शिकाऱ्याच्या कमरेची सुरी म्हटली की नक्षीदार खंजीर डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात ती खाटकाची साधी सुरी असे, डझनाच्या हिशेबाने विकली जाणारी. बराचसा माल इंग्लंडमधल्या शेफील्डहून येई. १८३० च्या दशकात जॉन रसेल यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफील्डला कारखाना काढला आणि 'ग्रीन रिव्हर' हा त्याचा शिक्का पुढे फार नावाजला. हे नाव कारखान्याजवळच्या नदीचे. अनेक राँदेव्हू जिच्या खोऱ्यात भरले ती ग्रीन रिव्हर नदी वेगळी, पश्चिमेकडची.

त्या काळाचा पेहराव आणि साधने वापरून तळ ठोकणारे हौशी लोक आज अमेरिकेत पुष्कळ आहेत. मूळ वस्तूच स्वस्त आणि कामाची होती, म्हणून तिचे जुने रूप घडवायला आजची स्वस्त सुरी हीच त्यांच्यासाठी योग्य सुरुवात ठरते. सुरी मात्र साध्या कार्बन पोलादाची हवी. स्टेनलेस पोलाद १९१३ नंतरचे. त्याची चकाकी १८३० च्या वेशाशी विसंगत दिसते. 'ओल्ड हिकरी' ही हिकरी लाकडाच्या मुठीची सुरी या कामासाठी विशेष लोकप्रिय आहे.

पहिले काम मुठीचे. जाड पितळी रिवेट ड्रिलने काढून लाकडाच्या दोन्ही पट्ट्या सोडवतात. नव्या पट्ट्या बीच किंवा मेपलसारख्या घट्ट लाकडाच्या घेऊन लोखंडी बारीक खिळ्यांनी ठोकतात, मग कानशीने कडा गोल करून जवसाचे तेल मुरवतात. पात्याचे टोक बदलायचे असेल तर खरी कसोटी लागते. ग्राइंडरवर पाते तापले आणि कडेला निळसर झाक आली, की पोलादाचे पाणी उतरले. तेवढा भाग मऊ पडतो आणि धार टिकत नाही. म्हणून पाते उघड्या बोटांनी धरावे, चटका बसण्याआधी पाण्यात बुडवावे आणि शेवटचा आकार कानशीने किंवा दगडावर द्यावा. कारखान्याची चकाकी घालवण्यासाठी पाते स्वच्छ पुसून व्हिनेगरमध्ये ठेवतात. थोड्या वेळात ते करडे होते. मग धुऊन, कोरडे करून तेलाचा हात फिरवतात. मुद्दाम खड्डे पाडून गंज चढवणे चुकीचे आहे. त्या शिकाऱ्याची सुरी जुनी नव्हती, रोजच्या वापरातली होती.

सुरीपेक्षा जास्त लक्ष म्यानाला द्यावे, कारण कमरेवर दिसते ते म्यान. चामडे वनस्पतींच्या सालींनी कमावलेले हवे. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्याच जातीचे. क्रोमने कमावलेले चामडे ओले केले तरी आकार धरत नाही. आधी कागदावर नमुना कापतात. सुरी निम्म्या मुठीपर्यंत आत जाईल इतके म्यान खोल ठेवतात. मग बटण किंवा बंद लागत नाही, चामड्याची पकडच सुरी धरून ठेवते. शिवणीच्या बाजूला दोन कडांच्या मध्ये चामड्याची आणखी एक अरुंद पट्टी घालतात. ही पट्टी नसेल तर सुरी आत-बाहेर करताना धार थेट दोऱ्यावर फिरते आणि एके दिवशी पाते शिवण कापून मांडीवर येते.

आरीने समान अंतरावर भोके पाडून मेण लावलेला तागाचा दोरा दोन सुयांनी ओवतात. प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी सुई जात असल्याने एक टाका तुटला तरी बाकीची शिवण सुटत नाही. मग चामडे भिजवून, सुरी तेल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत घालतात, बोटांनी दाबत आकार देतात आणि सावलीत वाळवतात. मैदानी भागातल्या मूळ अमेरिकन जमाती म्यानांवर पितळी खिळ्यांच्या ओळी ठोकत. तशी सजावट करायची तर खिळे मधल्या पट्टीवरून जावेत आणि त्यांची टोके कापून घासलेली असावीत.

कामानंतर सुरी पुसून कोरडी ठेवावी. म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नये. चामडे ओलावा धरते आणि त्यातल्या आम्लाने पात्यावर डाग पडतात.