अब्बा-अम्मी न सांगता आले तेव्हा

गेल्या डिसेंबरमधील एका शनिवारची रात्र आमच्या घरात कोणीही विसरणार नाही. इशाची नमाज आटोपून आम्ही नेहमीप्रमाणे चिपळूणला फोन लावला. अब्बांचा फोन बंद. अम्मींचाही बंद. अर्ध्या तासाने पुन्हा लावला, तरी तेच. दहा वाजता शेजारच्या खालाजानना उठवले. त्या म्हणाल्या, "दोघं सकाळीच गाडी घेऊन गेले. घराला कुलूप आहे. कुठे जातो ते काही बोलले नाहीत."

अब्बांचे वय ७१, अम्मींचे ६६. अम्मींना मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागते. मुंब्र्याच्या बहिणीला विचारले, तिलाही काही माहीत नव्हते. मग एकेका नातेवाइकाला फोन झाले. शेवटी दवाखान्यांत चौकशी करण्याची वेळ आली. घरात कोणाच्याही डोळ्याला डोळा लागला नाही. फजर होताच बहीण मुंब्र्याहून चिपळूणला निघाली. आम्ही नाशिकहून भाड्याची गाडी सांगितली, पण धुके इतके दाट की ऊन पडल्याशिवाय निघणार नाही, असे चालकाने स्पष्ट सांगितले.

साडेदहाला गाडी दारात आली. आम्ही पिशव्या ठेवत होतो, तोच कोपऱ्यावरून एमएच-०८ क्रमांकाची ती ओळखीची पांढरी गाडी वळली. काच खाली झाली आणि अम्मींनी हसून विचारले, "अरे, बॅगा घेऊन कुठे निघालात?"

आमच्या तोंडून एवढेच निघाले, "तुमच्याकडेच."

त्यांचे हसू तिथेच थांबले. आम्ही सलामही विसरलो. नातवंडांना मात्र कशाचीच फिकीर नव्हती. त्यांनी डिकी उघडली, तर आत तांदळाचे पीठ, कोकम, पंधरा नारळ आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली सुकी मासळी. त्या वासाने आमची अर्धी गल्ली चिपळूण झाली!

राग उतरल्यावर हकीकत कळली. दिवाळीच्या सुटीत येतो, असे आम्ही कळवले होते. मग निवडणुकीची ड्यूटी निघाली. नंतर शिष्यवृत्तीच्या वर्गाचे जादा तास, त्यानंतर एक लग्न. तीनदा तारीख दिली आणि तीनदा फिरवली. प्रत्येक वेळी अम्मी फोनवर "हरकत नाही" म्हणाल्या आणि आम्ही ते खरे मानले. शेवटी अब्बाच म्हणाले, "त्यांना सवड नाही, आपल्याला आहे. आपणच जाऊ. सांगितलं तर येऊ देणार नाहीत." ते खरेच होते. आम्ही नक्कीच अडवले असते.

फोन बंद का ठेवले, याचे उत्तर अम्मींनी दिले. फोन उचलला असता तर 'आज जेवायला काय केलं' हे आम्ही विचारलेच असते. त्यांना खोटे बोलता येत नाही, म्हणून फोनच बंद!

अब्बांनी एसटीत ३२ वर्षे गाडी चालवली आहे. पंचावन्नीनंतर लायसन्सचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ते त्यांनी वैद्यकीय दाखल्यासह वेळच्या वेळी केले होते. निघण्यापूर्वी टायर, ब्रेक, वायपर आणि मागचे दिवे तपासून घेतले. ज्या घरांत वडीलधारी मंडळी अजून गाडी चालवतात, त्यांच्यासाठी अब्बांच्या काही गोष्टी इथे नोंदवाव्यात असे वाटते.

ते पहाटेच्या अंधारात निघाले नाहीत. हिवाळ्यात कुंभार्ली घाटात सकाळी धुके असते, म्हणून चांगले उजाडल्यावरच घाट चढले. धुक्यात मोठा दिवा लावायचा नाही, कारण प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. दिवा खालचाच ठेवायचा आणि काचेवर वाफ धरू द्यायची नाही. काहीच दिसेनासे झाले, तर रस्ता सोडून सुरक्षित जागी थांबायचे. कराड-साताऱ्याकडे या दिवसांत साखर कारखान्यांचा हंगाम असतो. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसला, तर त्या अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून मगरिबनंतर गाडी चालवायची नाही, हा त्यांचा नियम. दर दोन तासांनी दोघे उतरून थोडे चालत. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी पीत. इन्सुलिन डॅशबोर्डवर न ठेवता अम्मींनी थंड डब्यात घालून आपल्याजवळ ठेवले होते. खजूर आणि साखर हाताशी होतीच.

सुमारे पावणेपाचशे किलोमीटरचा हा रस्ता त्यांनी दोन दिवसांत केला. मगरिबच्या वेळी नारायणगावला पोहोचले आणि तिथेच लॉजवर मुक्काम केला. एका दिवसात का उरकले नाही, असे आम्ही विचारले. अम्मी म्हणाल्या, "मुसाफिरासाठी चार रकातींच्या दोन झाल्या. अल्लाहनेच एवढी सवलत दिली, तर आपण कशाला घाई करायची?"

मुक्कामाचे आणखी एक कारण होते. लांबच्या प्रवासाहून परतणाऱ्याने रात्री अवचित घरच्यांसमोर येऊन उभे राहू नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हजरत जाबिर (रजि.) यांच्या हवाल्याने बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आली आहे. दुसऱ्याच्या घरात अनुमती घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नये, हे सूरह नूरमध्ये सांगितलेच आहे. घर मुलाचे असले म्हणून काय झाले, मध्यरात्री दार ठोठावून झोपलेल्यांना घाबरवायचे नाही, असा अब्बांचा विचार. अदब त्यांनी पाळली. पण नेमके त्याच रात्री आम्ही जागे होतो आणि घाबरलेलेच होतो!

ते ऐकून अब्बा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी स्वतः बहिणीला फोन करून माफी मागितली. ती पनवेलच्या पुढे पोहोचली होती. फोनवर आधी रडली, मग रागावली आणि तशीच नाशिककडे वळली. संध्याकाळी तीही आली. सगळे जण एका दस्तरख्वानावर बसण्याचा योग दोन वर्षांनी आला होता, अल्हम्दुलिल्लाह.

रात्री भांडी आवरताना अम्मी हळूच म्हणाल्या, "तुमचा फोन लागत नाही ना, तेव्हा आम्हाला असंच होतं. आम्ही कुणाला उठवत नाही, एवढंच."

आमच्याकडे उत्तर नव्हते. वर्गात असताना फोन बंद, बैठकीत बंद, कधी थकून उचललाच नाही. 'उद्या करू' म्हणून किती रात्री गेल्या असतील! आम्ही एक रात्र जे भोगले, ते दोन म्हातारे जीव चिपळूणच्या घरात किती वेळा भोगत असतील, याचा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता. नातेसंबंध जोडून ठेवण्यावर आपण पाल्यांना धडे देतो. त्या धड्यात तारीख फिरवायची सोय नसते.

दोघे आठ दिवस राहिले. परत जाताना आम्ही त्यांच्यासोबत गेलो. गाडी आम्ही चालवली आणि अब्बा शेजारी बसून वळणावळणावर सूचना देत राहिले. चिपळूणला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पुढच्या भेटीची तारीख अम्मींनी आमच्याच हाताने लिहून घेतली, तीही शाईच्या पेनाने.

घरात आता एक नियम ठरला आहे. ज्याला चकित करायचे त्याला खुशाल चकित करावे, पण भावंडांपैकी एकाला तरी रस्ता, मुक्काम आणि गाडीचा नंबर माहीत असावा. सकाळ-संध्याकाळ त्याला एक फोन जावा. अब्बांनी तो मान्य केला. मात्र पुढच्या वेळी ते बहिणीला चकित करणार आहेत, आणि ते गुपित आम्हाला सांभाळायचे आहे.

वाचकहो, आपल्या घरीही कोणी फोनवर "हरकत नाही" म्हणत असेल. एकदा न सांगता त्यांच्या दारी जाऊन पाहा. फक्त दिवसाउजेडी जा.