गुड्सविरुद्धची हुर्यो

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये वांशिक शिवीगाळीविरुद्ध नियम झाला तो १९९५ साली. त्याआधी ‘मैदानावरचं मैदानावरच सोडायचं’ म्हणून असले प्रकार खपून जात. नियमाने खेळाडूंच्या तोंडाला बराच आवर बसला. प्रेक्षकांचं काय, हा प्रश्न उरलाच.

तो ॲडम गुड्सच्या वाट्याला आला. सिडनी स्वान्सचा हा आदिवासी खेळाडू, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं ब्राउनलो पदक दोनदा मिळवलेला. मे २०१३ मध्ये मेलबर्नमधल्या सामन्यात प्रेक्षकांतल्या १३ वर्षांच्या एका मुलीने त्याला ‘एप’ (वानर) म्हटलं. गुड्सने तिच्याकडे बोट दाखवलं आणि तिला मैदानाबाहेर नेण्यात आलं. मुलीला दोष देऊ नका, तिला आधार द्या, असं दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं. (टीकाकार नेमकं हेच विसरतात.) २०१४ साली तो ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ झाला, वंशभेदावर उघड बोलत राहिला, आणि त्याच्याकडे चेंडू आला की प्रेक्षकांतून हुर्यो उठू लागली. त्यावरचा बचाव ठरलेला: तो फ्री किकसाठी मुद्दाम पडतो म्हणून आम्ही ओरडतो, यात वंश कुठे आला? ‘पोलिटिकल करेक्टनेस’ इतकी माजलीय की आता हुर्योही उडवायची नाही! पण गुड्स १९९९ पासून खेळत होता. मग इतक्या वर्षांनीच त्याचं पडणं सगळ्यांना एकाएकी का खुपावं?

२०१५ मध्ये तो निवृत्त झाला. फुटबॉल लीग आणि तिच्या १८ क्लबांनी त्याची माफी मागितली २०१९ मध्ये. पुढे ‘हॉल ऑफ फेम’चा मान त्याला देऊ केला गेला. त्याने तो नाकारला.