लाल दगड काळा करायचा की पांढरा?

दगड आणि उजेड : लेखांक ७

गेल्या आठवड्यात उभ्या रेषांचा हिशेब पाहिला. कॅमेरा वर कलवला की मनोरे मागे का झुकतात आणि थोडं लांब जाऊन किंवा शिफ्ट लेन्स लावून ते सरळ कसे ठेवायचे, हे समजून घेतलं. आता रंगांकडे वळू. इथे बहुतेक जण एक बटण दाबून मोकळे होतात. रंग जातात आणि पडद्यावर एक मिळमिळीत करडं चित्र उरतं. मग खापर फुटतं कॅमेऱ्यावर नाहीतर हवेवर. खरं तर रंगांच्या जागी काय यायला हवं, हे कुणी ठरवलेलंच नसतं. कृष्णधवल फोटोतलं अर्धंअधिक काम म्हणजे हे ठरवणं.

उदाहरणासाठी मुंबईतलं चर्चगेट स्टेशनसमोरचं इरॉस घेऊ. शोराबजी भेडवार यांनी आखलेलं हे चित्रपटगृह १९३८ साली सुरू झालं. कोपऱ्यावर टप्प्याटप्प्याने वर चढणारा गोल मनोरा आणि त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेले दोन पंख. अंगावर मुख्यतः दोन रंग : आग्र्याचा लाल दगड आणि क्रीम. मागे आकाशाचा निळा. रंगीत फोटोत हे तिघे आपोआप वेगळे दिसतात. रंग काढले की त्यांचं वेगळेपण टिकेलच असं नाही.

साध्या रूपांतरात संगणक बहुधा ठरलेलं प्रमाण वापरतो : हिरवा साधारण ५९ टक्के, लाल ३० आणि निळा ११. आपल्या डोळ्याला कुठला रंग किती उजळ वाटतो, त्यावरून हे आकडे आले आहेत. अडचण अशी, की उजळपणा सारखा असेल तर लाल आणि निळा दोघांनाही एकच करडा मिळतो. दगड आकाशात मिसळतो आणि मनोऱ्याची कड हरवते. ज्या कडेसाठी आपण फोटो काढला, तीच जाते.

यावरचा जुना उपाय म्हणजे लेन्सवर लावायचा रंगीत फिल्टर. त्याचा नियम सोपा आहे. फिल्टर आपल्या रंगाला उजळवतो आणि विरुद्ध रंगाला काळवंडवतो. इरॉसवर तो लावून पाहा. लाल फिल्टरने निळं आकाश जवळपास काळं होईल आणि क्रीम रंग पांढरा झळकेल. पण लाल दगडही उजळेल आणि क्रीमच्या जवळ जाईल. दोन रंगांतला खेळ मिटून काळ्या आकाशावर एकसंध फिकट आकार उभा राहील. हिरव्या फिल्टरने नेमकं उलट होईल. लाल दगड गडद, क्रीम उजळ आणि आकाश मधल्या छटेवर. आता दर्शनी भागावरची रंगांची मांडणी ठळक होईल, पण आकाशासमोरचा तो नाट्यमय उठाव राहणार नाही. निळ्या फिल्टरने दगड काळाकुट्ट होईल आणि आकाश पांढरं. इमारत तीच, उजेड तोच, चित्रं मात्र तीन.

यातलं बरोबर कुठलं? आधी आपल्याला काय दाखवायचंय ते सांगा. इमारतीचा एकूण आकार दाखवायचा असेल तर लाल, तिच्या अंगावरची रचना दाखवायची असेल तर हिरवा. दोन्ही एकाच फोटोत हवं असा हट्ट धरला, की पुन्हा करडा गोंधळ.

डिजिटल कॅमेऱ्यात हा निर्णय घरी येऊनही घेता येतो. रॉ फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा अशी तिन्ही माहिती शाबूत असते आणि प्रत्येक रंगाचा स्लायडर फिल्टरचंच काम करतो. फक्त कृष्णधवल टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना ही सोय नाही. २०१२ साली आलेल्या लायका एम मोनोक्रोमच्या सेन्सरवर रंगांची जाळीच नाही, त्यामुळे तिथे फिल्टर लेन्सवरच लावावा लागतो. स्लायडर हाती आहे म्हणून तो टोकापर्यंत ओढू नये. निळा फार खाली नेला की आकाशात दाणे उठतात आणि इमारतीच्या कडेने पांढरी किनार उमटते. मोठी प्रिंट काढली, की ही किनार लांबूनही डोळ्यात खुपते.

मुंबईकरांसाठी आणखी एक गोष्ट. फिल्टर काळं करतो ते निळं आकाश, पांढुरकं नव्हे. आपल्याकडे दमट हवा आणि धुरकं यांमुळे आकाश कितीतरी दिवस फिकट दुधाळ असतं. तिथे लाल फिल्टर काही करू शकत नाही. पाऊस ओसरल्यावर हवा धुऊन निघते, त्या दिवसांची वाट पाहावी. नाहीतर पांढरं आकाश खुशाल पांढरंच ठेवावं. १८५५ साली मुंबई सरकारसाठी विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंचे फोटो काढणाऱ्या कॅप्टन बिग्ज यांच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. त्या काळचा कागदी निगेटिव्ह प्रामुख्याने निळ्या उजेडालाच प्रतिसाद देई, म्हणून आकाश कोरं पांढरं येई. पण त्या कोऱ्या पार्श्वभूमीवर घुमटाची बाह्यरेषा कशी स्वच्छ उठते! कोरं आकाश म्हणजे फसलेला फोटो, हा समज सोडून द्यायला हवा.

रंगांची वाटणी झाली की पृष्ठांची वाटणी. फोटो सपाट असतो आणि इमारत घन. ती घन वाटावी यासाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या पृष्ठांच्या छटा वेगळ्या हव्यात. इरॉसचा गोल मनोरा उजळापासून गडदापर्यंत हळूहळू सरकत गेला, तरच गोल वाटेल. पंखांच्या भिंती सपाट आहेत, त्यांवर असा चढउतार नको. त्यातला एक पंख दुसऱ्यापेक्षा एखाद-दोन पायऱ्या गडद असला की पुरे. उन्हाने हे काम केलं असेल तर उत्तमच. नसेल तर डॉज-बर्न, म्हणजे निवडक भाग उजळ किंवा गडद करणं. हे पृष्ठापृष्ठाने करावं, कडा नीट निवडून. सगळ्या फोटोचा कॉन्ट्रास्ट एकदम वाढवल्याने फक्त आरडाओरडा वाढतो, घनपणा येत नाही.

किती फेरफार चालतो, असा प्रश्न बरेच वाचक विचारतात. दोन टोकं पाहू. लंडनमधला पुस्तकविक्रेता फ्रेडरिक इव्हान्स याने १९०३ साली वेल्स कॅथीड्रलमधल्या झिजलेल्या पायऱ्या टिपल्या. ‘अ सी ऑफ स्टेप्स’ हा तो फोटो. त्याला रिटचिंग मान्य नव्हतं. मनासारखा उजेड येईपर्यंत थांबायचं आणि प्लॅटिनम प्रिंटमध्ये मऊ करड्यांची लांबलचक मालिका उतरवायची, ही त्याची रीत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्लॅटिनमचे कागद दुर्मीळ झाले, तेव्हा त्याने फोटोग्राफीच सोडली. दुसऱ्या टोकाला ल्यूसिएँ एर्व्हे. १९४९ साली मार्सेयमध्ये वास्तुकार ल कॉर्बुझिएच्या इमारतीचे एका दिवसात ६५० फोटो काढणारा आणि पुढे त्याचा नेहमीचा छायाचित्रकार झालेला. चंडीगड आणि अहमदाबादच्या इमारतीही त्याने टिपल्या. तो प्रिंट सरळ कात्रीने कापत असे. गडद सावल्या, तिरके तुकडे, इमारतीचा जेमतेम एक कोपरा. कुठे काही राहून गेल्याची त्याला फिकीर नव्हती.

माझ्या मते दोघेही तितकेच प्रामाणिक. दोघांच्याही फोटोत उजेड इमारतीच्या आकाराला धरून वागतो. आकाश काळं करा, भिंत उजळवा, अर्धी इमारत सावलीत बुडवा. पण गोल भाग सपाट झाला किंवा सावली उजेडाच्या बाजूला पडली, तर तो कलाविष्कार नव्हे, निव्वळ चूक.

आता गृहपाठ. मुंबईत असाल तर ओव्हल मैदान गाठा. पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग, पूर्वेला १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर. २०१८पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. डेको इमारतींच्या तोंडावर सकाळी ऊन येतं, टॉवरच्या मैदानाकडच्या बाजूवर दुपारनंतर. डेकोच्या छज्ज्यांखाली लांब आडव्या सावल्या पडतात, त्या टिपायच्या तर साडेदहा-अकराचं चढतं ऊन बरं. टॉवरचा कुर्ल्याचा पिवळसर दगड नारिंगी फिल्टरने खुलतो. इतर गावच्या वाचकांनी दोन रंगांची कुठलीही इमारत निवडावी : वाडा, देऊळ, नगरपालिका, एसटी स्टँडसुद्धा चालेल. एकाच रॉ फाइलच्या लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन आवृत्त्या करा. त्यांतली एक निवडा आणि ती का निवडली, ते एका वाक्यात लिहा. वाक्य सुचलं नाही, तर फोटो अजून तयार नाही असं समजा.

पुढच्या आठवड्यात : लाँग एक्स्पोजर. चार-चार मिनिटं शटर उघडं ठेवून ढग ओढायचे, ते कधी शोभतात आणि कधी नुसती फॅशन ठरते.