वेळ विचारायची की जवळ ठेवायची?

सॉफ्टवेअरमधली वेळ : लेखांक ६

२३ मार्च २०२३, गुरुवार. लेबननचे काळजीवाहू पंतप्रधान नजीब मिकाती यांनी जाहीर केलं, की यंदा शनिवारी रात्री उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे करायची नाहीत. रमजान संपत येईपर्यंत थांबायचं. हातात जेमतेम दोन दिवस. मॅरोनाइट चर्चने हे मानायला नकार दिला, काही वृत्तवाहिन्यांनीही ठरल्याप्रमाणे घड्याळं पुढे केली, आणि एवढ्याशा देशात दोन वेळा चालू लागल्या. सोमवारी मंत्रिमंडळाने माघार घेतली, बुधवारी रात्री उरलेली घड्याळं पुढे सरकली.

याच आठवड्यात टाइमझोन डेटाबेसच्या दोन आवृत्त्या निघाल्या. लिनक्स, अँड्रॉइड, जावा, पायथन हे सगळे वेळेचे नियम या डेटाबेसमधून घेतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेलं हे काम आज पॉल एगर्ट स्वयंसेवकांच्या मदतीने सांभाळतात. २३ तारखेच्या ‘२०२३ बी’ आवृत्तीत लेबननची पुढे ढकललेली तारीख आली. २८ तारखेच्या ‘२०२३ सी’ने ती काढून टाकली.

आता प्रश्न असा, की वेळेचे नियम आपल्या सर्व्हरवर ठेवायचे, की दर वेळी बाहेरच्या एपीआयला विचारायचे? एपीआयच्या बाजूने एकच मुद्दा नेहमी मांडला जातो: अपडेटची काळजी त्यांची. पण एपीआय चालवणाराही बहुधा हाच डेटाबेस वाचतो. त्या आठवड्यात त्याच्याकडे ‘बी’ होती की ‘सी’, हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो. वर नेटवर्क तुटलं, मर्यादा संपली किंवा दर वाढले, की तुमचं ॲप साधी वेळही दाखवू शकत नाही. डेटाबेस जवळ असेल तर आवृत्ती कोणती आणि ती कधी बदलायची, हे तुम्ही ठरवता. माझं मत स्पष्ट आहे: नियम घरातच हवेत.

मात्र ‘घर’ एकच नसतं. ऑपरेटिंग सिस्टिमची प्रत वेगळी, जावाची वेगळी, ब्राउझरची आणखी वेगळी. एक अपडेट केली म्हणून बाकीच्या होत नाहीत. या चुका शोधायला फार त्रास होतो, म्हणून प्रत्येक प्रतीची आवृत्ती लॉगमध्ये लिहून ठेवा.

एपीआयची खरी गरज पडते ती अक्षांश-रेखांशावरून टाइमझोनचं नाव काढताना, कारण डेटाबेसमध्ये सीमांचे नकाशे नाहीत. तिथे जरूर विचारा, पण मिळालेलं नाव साठवा. यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचा आजचा फरक, उदाहरणार्थ ‘अधिक दोन तास’, एवढाच साठवू नका. बैरूतमधल्या पुढच्या महिन्याच्या भेटीसाठी ‘सकाळी १०, एशिया/बैरूत’ असं लिहिलंत, तर नियम बदलला तरी भेट दहालाच राहील. फक्त यूटीसीमध्ये लिहिलीत, तर ती तासाने सरकेल.

आपल्याकडे घड्याळं हलत नाहीत, म्हणून हे परक्यांचं दुखणं वाटतं. पण यूटीसीच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे असलेली ‘बॉम्बे टाइम’ मुंबईत १९५५ पर्यंत वापरात होती. १९७० नंतर ज्यांची वेळ वेगळी राहिली, अशाच प्रदेशांना डेटाबेस स्वतंत्र नाव देतो. त्यामुळे मुंबईला ‘एशिया/कोलकाता’च लागू होतं, आणि त्यातला जुना इतिहास कोलकात्याचा आहे. १९३० साली मुंबईत जन्मलेल्या व्यक्तीची पत्रिका मांडणारं ॲप लिहिणाऱ्याने ‘बॉम्बे टाइम’चा नियम स्वतः जोडायला हवा, आणि जन्मवेळ कुठल्या घड्याळाची हेही विचारायला हवं.

पुढच्या आठवड्यात : लीप सेकंद.