अडलं तर विचारा, पण आधी नीट लिहा

मागच्या भागात आपण संगणकावर पायथन कसं बसवायचं ते पाहिलं. त्यानंतर बेळगाव, इंदूर, बडोदा, कुठून कुठून फोन आले. बरेचसे फोन असे होते: "कर्नलसाहेब, प्रोग्राम चालत नाही." मी विचारतो, म्हणजे काय होतं? "चालत नाही, एवढंच." बरं, स्क्रीनवर काय येतं? "लाल अक्षरात काहीतरी येतं." आता नोएडात बसून मला बडोद्याची लाल अक्षरं कशी दिसणार?

मी हे हसण्यावारी नेत नाही, कारण माझाही पहिला प्रश्न अगदी असाच होता. आज तीच गोष्ट सांगतो, कारण त्या प्रश्नापायी आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी नोएडाच्या जानेवारीत हीटर बंद ठेवला होता.

निवृत्त फौजी दिसला की सोसायटी त्याला कमिटीवर घेतेच. माझ्याकडे विजेच्या बिलांचं काम आलं. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना सांगतो, दिल्लीच्या आसपासच्या उंच सोसायट्यांमध्ये घरोघरी मीटर एकच असतो, पण तो दोन हिशेब ठेवतो. एक ग्रिडच्या विजेचा, दुसरा डीजीचा, म्हणजे डिझेल जनरेटरचा. आमच्याकडे डीजीचा दर ग्रिडच्या तिपटीच्या आसपास आहे. मीटरवाल्याकडून दर महिन्याला प्रत्येक टॉवरची फाईल येते. तिच्यात फ्लॅटचा नंबर आणि पुढे चार आकडे: ग्रिडचं मागचं वाचन, चालू वाचन, डीजीचं मागचं, चालू. मी नुकतंच पायथन शिकलो होतो. उत्साहात प्रोग्राम लिहिला. चार आकड्यांना नावं दिली ए, बी, सी, डी. बी वजा ए गुणिले एक दर, डी वजा सी गुणिले दुसरा दर, बेरीज केली की बिल तयार. सहा महिने छान चाललं. कमिटीत माझी कॉलर ताठ.

डिसेंबरमध्ये एका टॉवरचे मीटर बदलले. त्या टॉवरच्या फाईलमध्ये डीजीचे रकाने आधी आणि ग्रिडचे नंतर यायला लागले. प्रोग्रामला काय कळणार? त्याला मी ए, बी, सी, डी एवढंच सांगितलेलं. त्याने ग्रिडच्या युनिटांना डीजीचा दर लावला. थंडीत सगळ्यांचीच बिलं वाढतात, म्हणून लोक कुरकुरले आणि भरून मोकळे झाले. जानेवारीच्या अखेरीला चौथ्या मजल्यावरच्या बाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या राहतात. म्हणाल्या, "भाईसाहब, महिनाभर हीटर लावलेला नाही, तरी बिल एवढं कसं?" अंगावर दोन शाली होत्या.

त्या रात्री मी प्रोग्राम चारदा वाचला. चूक दिसेना. दिसणार कशी? लिहिताना जे डोक्यात होतं तेच मी वाचत होतो. शेवटी पायथन शिकणाऱ्यांच्या एका ऑनलाइन समूहात प्रश्न टाकला. काय लिहिलं होतं ते सांगतो, लाज वाटते तरी: मी निवृत्त कर्नल आहे, माझा प्रोग्राम चुकीची बिलं काढतो, तातडीने मदत हवी. सोबत मोबाइलवर काढलेले स्क्रीनचे सहा तिरके फोटो.

एक दिवस कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलाचं उत्तर आलं. फोटो नकोत, मजकूर द्या. सगळा प्रोग्राम नको, जेवढ्यात चूक दिसते तेवढाच द्या. काय यायला हवं होतं, काय आलं, दोन्ही लिहा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू. नातवापेक्षा चार वर्षांनी मोठा असेल.

चहा घेताना राग उतरला. मी सिग्नल्सचा माणूस. वायरलेसवर "इकडे गडबड आहे, लवकर काहीतरी करा" असं सांगणाऱ्या नव्या लेफ्टनंटला आयुष्यभर मी काय विचारत आलो? कुठे आहेस, काय दिसलं, किती वाजता, तू काय केलंस. नेमकं तेच हा मुलगा मला विचारत होता.

फौजेत लिहिण्याची, बोलण्याची ठरलेली शैली असते आणि तरुण अधिकारी तिला कंटाळतात. ऑर्डरमध्ये गावाचं नाव कॅपिटलमध्येच लिहायचं. वेळ चोवीस तासांची. नकाशावरचा ग्रिड रेफरन्स देताना आधी ईस्टिंग, मग नॉर्दिंग, उलट कधीच नाही. वायरलेसवर एखादा शब्द ऐकू आला नाही तर "से अगेन" म्हणायचं, "रिपीट" म्हणायचं नाही, कारण तोफखान्यात "रिपीट"चा अर्थ होतो, त्याच जागी पुन्हा मारा करा. ऐकणारा दमलेला आहे, अंधारात आहे, त्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, असं धरून हे नियम केलेले असतात.

प्रोग्रामच्या शैलीचंही असंच. पायथनचे नियम पीईपी-8 नावाच्या दस्तऐवजात आहेत. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम आणि बॅरी वॉर्सॉ यांनी तो 2001 मध्ये आणला, पुढे ॲलिसा कॉगलनही त्याच्या लेखकांत आल्या. इंडेंटेशन म्हणजे डावीकडची मोकळी जागा चार स्पेसची, ओळ 79 अक्षरांच्या आत, नावं अर्थ सांगणारी, असे ते नियम. मुळात विचार असा की कोड एकदा लिहिला जातो आणि पुष्कळदा वाचला जातो. ऐंशीच्या आसपासचा हा आकडा बराच जुना आहे. आयबीएमने 1928 मध्ये आणलेल्या पंचकार्डावर ऐंशी रकाने असत, तिथपासून तो चालत आलेला आहे. लिनक्स कर्नलमध्ये इंडेंटेशन आठ अक्षरांचं असतं. चार बरोबर की आठ यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत विचाराल तर ज्या पलटणीत आहात तिथला ड्रेस घाला.

शैली हा नुसता नटण्याचा प्रकार नाही, याचं एक उदाहरण देतो. फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपलला आयफोनसाठी घाईने दुरुस्ती पाठवावी लागली. समोरची वेबसाइट खरी की बनावट हे तपासणाऱ्या कोडमध्ये "गोटू फेल" ही एक ओळ चुकून दोनदा पडली होती. पहिली ओळ अटीला बांधलेली होती. दुसरी ओळ मोकळी होती, पण डावीकडून तेवढीच आत सरकवलेली, त्यामुळे वाचणाऱ्याला तीही अटीखालचीच वाटायची. तो कोड सी भाषेतला. सी ती मोकळी जागा बघत नाही, महिरपी कंस बघते, आणि कंस दिलेले नव्हते. म्हणून पुढची महत्त्वाची तपासणी न होताच कारभार पुढे जात होता. "अट एका ओळीची असली तरी कंस द्या," असं अनेक ठिकाणच्या शैलीच्या नियमांत सांगितलेलं असतं. पायथनमध्ये उलट आहे, तिथे मोकळी जागा हाच व्याकरणाचा भाग. म्हणून मी सांगतो, व्हॉट्सॲपवर कोड पाठवू नका. कधी ती जागा बिघडते, कधी अवतरणचिन्हं बदलतात, आणि समोरच्याला तुमची चूक सोडून तिसरीच दिसते.

तर, त्या मुलाने सांगितलं तसं करायला बसलो. हेच काम सर्वांत कठीण आहे आणि सर्वांत उपयोगी. चारशे ओळींमधून पीडीएफ बनवणं काढलं, ईमेल काढलं, दंडाचा हिशेब काढला. दर वेळी चालवून पाहायचं, चूक अजून येते का? येत असेल तर तो भाग निर्दोष, सोडून द्या. शेवटी चौदा ओळी उरल्या आणि एकाच फ्लॅटचे आकडे. फ्लॅटचा नंबर बदलला, नाव काढलं. हे विसरू नका, दुसऱ्यांचे फोन नंबर, पासवर्ड, असली माहिती प्रश्नाबरोबर बाहेर जाऊ द्यायची नाही. मग लिहिलं: बिल अमुक यायला हवं, तमुक येतं, पायथनची आवृत्ती ही, मी हे हे करून पाहिलं.

या वेळी वीस मिनिटांत उत्तर आलं. त्याच मुलाने लिहिलं, गणित बरोबर आहे, पण ए, बी, सी, डी म्हणजे काय ते मला कळत नाही, त्यामुळे चूक कुठे ते सांगता येत नाही. त्याला उत्तर द्यायला म्हणून मी फाईल उघडली. रकान्यांची शीर्षकं एकेक करून टाइप करायला लागलो. तिसऱ्या शब्दाला हात थांबला.

रात्रीच प्रोग्राम बदलला. ए, बी गेले, तिथे ग्रिड_मागील, ग्रिड_चालू, डीजी_मागील, डीजी_चालू अशी नावं आली. आणि रकाने क्रमाने मोजण्याऐवजी शीर्षकाने वाचायला लागलो. पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलमध्ये डिक्टरीडर आहे, तो हेच काम करतो. आता रकाने उलटसुलट झाले तरी फरक पडत नाही, आणि शीर्षकच बदललं तर प्रोग्राम त्या नावाचा रकाना सापडत नाही म्हणून थांबतो. चुकीचं बिल काढण्यापेक्षा त्याने हात वर केलेले बरे.

विचारायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. मुंबई आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, त्यात दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. तिथली प्रश्न विचारण्याची पद्धत मला फार आवडली: कोणता धडा, कितवं मिनिट, कितवा सेकंद, हे आधी भरायचं आणि मग शंका लिहायची. "काही कळलं नाही" म्हणायची सोयच ठेवलेली नाही. दुर्गापूरच्या लिनक्स गटाने, डीजीप्लगने, 2008 मध्ये उन्हाळ्यात लेखी गप्पांतून ऑनलाइन शिकवायला सुरुवात केली. तिथे वर्ग चालू असताना शंका आली तर नुसतं उद्गारचिन्ह टाइप करायचं आणि आपलं नाव पुकारलं की विचारायचं. हात वर केल्यासारखंच. दिल्ली परिसरात पायडेल्हीची मंडळी प्रत्यक्ष भेटतात, नवख्यांना तिथे सोपं जातं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. 2001 मध्ये एरिक रेमंड यांनी प्रश्न हुशारीने कसे विचारावेत यावर एक लांबलचक मार्गदर्शक लिहिलं. अजूनही लोक नवख्याच्या तोंडावर ते फेकतात. त्यातलं सांगणं बरोबर आहे, पण आवाज परेड ग्राउंडवरच्या उस्तादाचा. 2008 मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोने दहा वर्षांनी स्वतःच कबूल केलं की नव्या लोकांना तिथे परकं वाटतं. उस्तादाला ओरडायचा हक्क असतो, कारण रिक्रूट सकाळी पुन्हा परेडला येणारच. इथे मात्र एकदा ओरडलात की तो मुलगा, बहुधा मुलगी, पुन्हा येत नाही. आमच्या मुलांना तर आधीच इंग्रजीची धास्ती. म्हणून उत्तर देणाऱ्यांना माझी विनंती, माझ्या त्या मुलाने केलं तसं करा. गोड बोलला नाही, पण हिणवलंही नाही, आणि दुसऱ्या वेळी पुन्हा उत्तर द्यायला आला.

विचारणाऱ्यांसाठी एवढंच: "एक प्रश्न विचारू का?" असं विचारून वाट बघत बसू नका, प्रश्नच लिहा. "सर, प्लीज, अर्जंट" यांतला एकही शब्द चूक शोधायला उपयोगी पडत नाही. लाल अक्षरांतली शेवटची ओळ आधी वाचा, पायथन बहुतेक वेळा खरं कारण तिथेच सांगतं, आणि तीच ओळ जशीच्या तशी प्रश्नात टाका. आणि उत्तर मिळून काम झालं की काय केल्याने झालं ते कळवा, पुढच्या अडलेल्याला ते सापडतं.

त्या टॉवरमधल्या सगळ्यांची जास्तीची रक्कम फेब्रुवारीच्या बिलातून वजा केली. चौथ्या मजल्यावर मी स्वतः गेलो. चूक मीटरची नाही, हीटरचीही नाही, माझी आहे, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, "तो आज लगा लूं?" मीच उठून बटण दाबलं.

पुढच्या भागात डिक्टरीडर वापरून फाईल कशी वाचायची ते करून पाहू. तुमच्या घरच्या विजेची बारा बिलं काढून ठेवा, आपण तीच वापरू. जय हिंद.